डोंगरावरील माणसे आणि बंदराची खातेवही

(ज्ञातिमंडळाच्या वार्षिक संमेलनात जव्हार येथे दिलेले व्याख्यान. स्मरणिकेसाठी लिहून काढताना सभेत विचारल्या गेलेल्या काही प्रश्नांची उत्तरे ओघातच घातली आहेत.)



चिटणीसांनी आमच्या व्याख्यानाचा विषय फलकावर लिहिला, तेव्हा पहिल्या रांगेतील एका आजींनी शेजारणीला विचारलेले आम्ही ऐकले, की जव्हारातून समुद्र दिसतो काय? प्रश्न अगदी रास्त आहे. हनुमान पॉइंटावर उभे राहिले तर दऱ्या दिसतात, साग दिसतो, पावसाळ्यात ढग पायाखालून जातात. समुद्र मात्र आपल्या वाट्याला आलेला नाही. मोखाड्याचे तर नावच नको. असे असता आमच्यासारख्या माणसाने जहाजे, बंदरे आणि त्यांतही ‘ब्लॉकचेन’ नावाची नवी हिशोबपद्धती यांवर बोलावे आणि आपण ते ऐकून घ्यावे, यासाठी काही कारण हवे. ते कारण आम्ही प्रथम सांगतो.

डहाणूजवळ वाढवण येथे मोठे बंदर होऊ घातले आहे, हे आपण सर्व जाणताच. १९९८ साली डहाणू तालुका पर्यावरण संरक्षण प्राधिकरणाने तेथे बंदर होऊ देण्यास नकार दिला होता. त्याच प्राधिकरणाने २०२३ साली परवानगी दिली. १९ जून २०२४ रोजी केंद्रीय मंत्रिमंडळाने ७६,२२० कोटी रुपयांच्या या प्रकल्पास मान्यता दिली आणि ३० ऑगस्ट २०२४ रोजी पालघर येथे पायाभरणी झाली. जवाहरलाल नेहरू बंदर प्राधिकरणाचा वाटा ७४ टक्के, महाराष्ट्र सागरी मंडळाचा २६ टक्के, प्रत्येकी १,००० मीटर लांबीची नऊ कंटेनर टर्मिनले, असा त्याचा आराखडा आहे. किनाऱ्यावरील मच्छीमार बांधवांचा त्याला विरोध आहे, आणि ज्याची पोटाची जागा जाते त्याला तो करण्याचा हक्क आहे असे आम्ही मानतो. परंतु आजचा मुद्दा तो नव्हे. ऑगस्ट २०२५ मध्ये राज्य शासनाने वाढवण बंदरापासून इगतपुरीकडे भरवीरपर्यंत, समृद्धी महामार्गास जाऊन मिळणाऱ्या सुमारे १०५ किलोमीटरच्या द्रुतगती मार्गास मान्यता दिली. तो मार्ग डहाणू, विक्रमगड, जव्हार, मोखाडा या तालुक्यांतून पुढे नाशिक जिल्ह्यात जावयाचा आहे. म्हणजे समुद्र आपल्याकडे येत नसला तरी समुद्राचा माल आपल्या दारावरून जाणार आहे.

दारावरून जाणाऱ्या वस्तूंचा आपल्याला अनुभव आहे. वैतरणेचे पाणी आपल्याच डोंगरांतून मुंबईस जाते. मध्य वैतरणेचे धरण मोखाड्याच्या हद्दीत आहे. आणि चैत्र-वैशाखात मोखाड्याच्या पाड्यांवर टँकरची वाट पाहणाऱ्या हंड्यांची रांग लागते. पाणी गेले तसा मालही जाईल काय, हा आमच्या मनातील प्रश्न आहे. या प्रश्नाचे उत्तर पुष्कळसे खातेवहीत दडलेले असते, असे आम्हांस चाकरीच्या अनुभवावरून वाटते. म्हणून हा विषय.

आम्ही आयुष्याची तीस वर्षे न्हावा-शेव्याच्या बाजूस एका कस्टम हाऊस एजंटाच्या कचेरीत घालविली. ‘एच’ कार्डापासून आरंभ करून परीक्षा देऊन ‘जी’ कार्डापर्यंत पोहोचलो. या कार्डांचा अर्थ नंतर येईल. सध्या एवढेच सांगतो की, या तीस वर्षांत आम्ही समुद्र फार थोडा पाहिला आणि कागद फार पाहिले. बंदर म्हणजे क्रेन आणि जहाजे असे लोकांस वाटते. वास्तविक बंदर ही एक अवाढव्य कचेरी असते. १९५६ च्या एप्रिलमध्ये माल्कम मॅक्लीन नावाच्या अमेरिकन ट्रकमालकाने ‘आयडियल एक्स’ या जहाजावर ५८ लोखंडी डबे चढवून नेवार्कहून ह्यूस्टनला नेले, आणि माल चढविण्या-उतरविण्याचे काम दिवसांवरून तासांवर आले. कागदाचे काम मात्र होते तेथेच राहिले. २०१४ साली मेर्स्क या डॅनिश जहाज कंपनीने केनियातून हॉलंडला गेलेल्या गुलाबांच्या व अव्होकॅडो फळांच्या एका डब्याचा मुद्दाम माग काढला. त्या एका डब्यापायी सुमारे ३० माणसे व संस्था यांच्यात २०० हून अधिक वेळा कागदांची आणि निरोपांची देवघेव झाली होती!

या सर्व कागदांचा राजा म्हणजे बिल ऑफ लेडिंग. माल जहाजावर चढला, याची जहाज कंपनीने दिलेली पावती म्हणजे हे बिल. परंतु ती केवळ पावती नव्हे. हा कागद ज्याच्या हाती त्याचा माल. तो विकता येतो, बँकेकडे तारण ठेवता येतो. आपल्या जुन्या पेढ्यांवर हुंडी चाले, तिचीच ही परदेशी बहीण. जोखमी हुंडी नावाचा एक प्रकार आपल्याकडील व्यापाऱ्यांत होता. माल जहाजाने पाठविणारा ती हुंडी लिही. माल सुखरूप पोहोचला तरच तिचे पैसे देणे होई, जहाज बुडाले तर हुंडी विकत घेणाऱ्याचे पैसे बुडत. हुंडी हरवली तर ‘पेठ’ लिहून देत, तीही हरवली तर ‘परपेठ’. बिल ऑफ लेडिंगच्याही तीन अस्सल प्रती काढण्याचा प्रघात आहे, आणि तिन्हींपैकी एकीवर माल सुटला की उरलेल्या दोन निरुपयोगी होतात. माणसाला जगात सर्वत्र एकच भीती वाटत आली आहे, आणि तिच्यावर तोडगाही सर्वत्र सारखाच निघाला आहे, असे पाहून आम्हांस नेहमी मौज वाटे.

या व्यवस्थेत घोटाळा कसा होतो ते स्वानुभवाने सांगतो. एकदा आमच्या कचेरीने कांद्याचे काही डबे कोलंबोस पाठविले. कोलंबो जवळ, जहाज चार दिवसांत पोहोचले. बिल ऑफ लेडिंग मात्र बँकेमार्फत जावयाचे होते, आणि त्या बँकेत (तिचे नाव घेण्याचे कारण नाही) ते पाकीट भलत्याच टेबलावर जाऊन पडले. माल बंदरात, घेणारा बंदराच्या दारात, आणि कागद टपालात! जहाज कंपनी म्हणे, अस्सल प्रत दाखवा. तिचे म्हणणे बरोबर होते. नऊ दिवसांनी डबे सुटले तोपर्यंत जागाभाडे चढले होते आणि कांद्यास कोंब आले होते. व्यापाऱ्याने आपले नुकसान शेतकऱ्याच्या पुढच्या गाडीतून कापून घेतले. त्या कापणीची कोठे नोंद झाली नाही. हे शेवटचे वाक्य लक्षात ठेवावे. त्याकडे पुन्हा यावयाचे आहे.

आता ब्लॉकचेन म्हणजे काय ते पाहू. नाव ऐकून घाबरण्याचे कारण नाही. आपल्यापैकी ज्यांनी किराणा दुकानाची किंवा पतपेढीची वही पाहिली आहे, त्यांना प्रत्येक पानाच्या माथ्यावर ‘मागील पानावरून पुढे’ असे लिहून आणलेली बेरीज ठाऊक असेल. मधल्या एखाद्या पानावर कोणी आकडा खोडला तर पुढील पानावरील बेरजेशी तो जुळत नाही व लबाडी उघडी पडते. ब्लॉकचेनमध्ये हीच युक्ती पराकोटीस नेली आहे. प्रत्येक पानावरील सर्व मजकुरापासून गणिताच्या एका रीतीने ठराविक लांबीची एक खूण काढतात. मजकुरातील एक अक्षर, एक टिंब जरी बदलले तरी ती खूण पार बदलते. ही खूण पुढील पानाच्या माथ्यावर लिहितात, आणि त्या पानाची खूण काढताना तीही हिशोबात धरतात. अशी पानामागून पानांची साखळी होते. शंभर पाने मागे जाऊन एक आकडा बदलावयाचा तर पुढची शंभरही पाने नव्याने लिहावी लागतील.

एवढ्यावर भागत नाही, कारण सगळी वहीच नव्याने लिहिणारे महाभाग जगात आहेत. म्हणून दुसरी युक्ती अशी की, वहीची तंतोतंत प्रत व्यवहारातील प्रत्येक पक्षाच्या घरी असावयाची, आणि नवे पान सर्वांच्या प्रतींत ठरलेल्या नियमाने एकाच वेळी चढावयाचे. एकाने आपल्या घरची प्रत बदलली तर बाकीच्या प्रती त्यास खोटे पाडतात. या कल्पनेचा पाया १९९१ साली हेबर व स्टॉर्नेटा या दोन संशोधकांनी घातला. गंमत अशी की, पुढे १९९५ पासून त्यांची कंपनी ही खूण दर आठवड्यास न्यूयॉर्क टाइम्सच्या छोट्या जाहिरातींत छापू लागली. त्या वृत्तपत्राचे लाखो अंक घरोघरी गेल्यावर ते सगळे गोळा करून कोण बदलणार? आपल्याकडे जमिनीच्या खरेदीपूर्वी वर्तमानपत्रात जाहीर नोटीस देतात, त्यातील मर्मही थोडेफार असेच आहे. २००९ च्या जानेवारीत बिटकॉइन नावाचे संगणकी चलन याच साखळीवर सुरू झाले, आणि तेव्हापासून हा शब्द सर्वतोमुखी झाला.

येथे एक सूचना देणे आमचे कर्तव्य आहे. ‘ब्लॉकचेनमध्ये पैसे गुंतवा, महिन्यास इतके टक्के घ्या’ असे सांगणारी मंडळी आता तालुक्याच्या गावांपर्यंत येऊ लागली आहेत. पुण्याच्या गेनबिटकॉइन प्रकरणात हजारो कुटुंबे फसल्याच्या तक्रारी झाल्या व तपास शेवटी सीबीआयकडे गेला. ब्लॉकचेन ही वही लिहिण्याची पद्धत आहे. वहीत पैसे पेरून पीक येत नाही. आपल्या समाजातील कोणी असल्या योजनेत पडला असेल तर त्याने लाज न बाळगता मंडळाकडे यावे.

बंदरांत वापरावयाची साखळी बिटकॉइनसारखी सर्वांस खुली नसते. तेथे ठराविक पक्षांनाच आत घेतात: जहाज कंपनी, टर्मिनल, जकात खाते, बँक, माल पाठविणारा व घेणारा. कोणास प्रत द्यावयाची आणि कोणास नाही, हे कोणीतरी ठरविते. सगळे पाणी या जागी मुरते, असे आमचे मत आहे. मेर्स्कचेच उदाहरण घ्या. केनियाच्या त्या डब्याने डोळे उघडल्यावर कंपनीने आयबीएमच्या साहाय्याने २०१८ साली ‘ट्रेडलेन्स’ नावाची साखळी उभारली. कल्पना उत्तम, पैसा भरपूर, यंत्रविद्या उत्कृष्ट. दुसऱ्या वर्षी काही मोठ्या प्रतिस्पर्धी कंपन्याही तीत आल्या. तथापि २९ नोव्हेंबर २०२२ रोजी ती बंद करण्याची घोषणा झाली आणि २०२३ च्या मार्चअखेर दिवा मालवला. सगळ्या उद्योगाचे जे सहकार्य हवे होते ते मिळाले नाही, असे चालकांनीच सांगितले. आमच्या साध्या बुद्धीस त्याचे कारण असे दिसते की, गावातील एका बड्या दुकानदाराने ‘सगळ्यांच्या वह्या एकत्र करू, वही माझ्या माडीवर ठेवू’ म्हटले, तर बाकीचे दुकानदार मान डोलावतात आणि आपली वही घरीच ठेवतात.

याउलट इजिप्तच्या सरकारने २०२१ च्या ऑक्टोबरपासून आपल्या सागरी बंदरांत येणाऱ्या मालाचे कागद आगाऊ व संगणकी मार्गाने पाठविणे सक्तीचे केले, आणि ते कागद स्लोव्हेनियात जन्मलेल्या कार्गोएक्स या संस्थेच्या ब्लॉकचेनवरून जातात. भिवंडीच्या व्यापाऱ्याने सूत अलेक्झांड्रियास पाठवावयाचे म्हटले तरी त्याला या दारातून जावे लागते. २०२३ साली जगातील नऊ मोठ्या जहाज कंपन्यांनी २०३० पर्यंत बिल ऑफ लेडिंग संपूर्णपणे संगणकी करण्याचा संकल्प जाहीर केला. त्याच वर्षी इंग्लंडने अशा संगणकी कागदास अस्सल कागदाचे स्थान देणारा कायदा केला. आपल्या देशात १८५६ सालचा बिल ऑफ लेडिंगचा कायदा होता. कंपनी सरकारच्या अमदानीतला हा कायदा २०२५ पर्यंत चालला! त्या वर्षी त्याच्या जागी नवा कायदा आला. म्हणजे गाडे हलले आहे. मात्र प्रामाणिकपणे सांगावयाचे तर ब्लॉकचेनचा जितका गाजावाजा झाला, त्याच्या मानाने बंदरांत काम थोडे झाले आहे. न्हावा-शेव्यास डब्याचा ठावठिकाणा सांगणारी व्यवस्था २०१६ पासून चालते, ती रेडिओ लहरींच्या साध्या पट्टीवर चालते. तिला साखळीची गरज पडली नाही.

मग प्रती अनेक असण्याचा उपयोग खरोखर काय? २७ जून २०१७ चा प्रसंग सांगतो. त्या दिवशी ‘नॉटपेट्या’ नावाचा संगणकी रोग जगभर पसरला आणि मेर्स्कची यंत्रणा जागोजागी बंद पडली. न्हावा-शेव्याचे त्यांचे टर्मिनलही त्यात सापडले. आत-बाहेर जाणाऱ्या डब्यांचा हिशोबच दिसेना, आणि फाटकाबाहेर ट्रकांची रांग लागली. कंपनीच्या सर्व संगणकांची ओळखपाळख सांभाळणारी जी मूळ नोंद होती तिच्या प्रती जगभर होत्या, परंतु त्या एकमेकींशी सतत जोडलेल्या असल्यामुळे एकदमच नष्ट झाल्या. एक मात्र वाचली. आफ्रिकेतील घाना देशाच्या कचेरीत त्या वेळी वीज गेली होती, म्हणून तेथील यंत्र बंद होते. त्या एका प्रतीवरून पुढे सगळा संसार पुन्हा उभा केला! आपल्या मोखाड्यात दिवसातून चार वेळा वीज जाते त्याबद्दल आपण मंडळास निवेदने देतो. वीज जाण्याचा असाही उपयोग होऊ शकतो, हे अभियंता साहेबांस कळू न दिलेले बरे.

बंधुभगिनींनो, एवढे ऐकून कोणी म्हणेल की, ही सगळी बड्यांची कथा झाली. म्हणून आता आपल्या वहीकडे येतो.

आमच्या आजोबांच्या काळी सावकाराची वही असे. तिच्यात खावटीचे भात लिहिलेले असे, पालेमोडीचा करार लिहिलेला असे, आणि खाली आमच्या आजोबांचा अंगठा असे. वहीची एकच प्रत, आणि ती सावकाराच्या घरी. दोन मण घेतले की चार मण, हे वही सांगेल ते खरे. लग्नासाठी काढलेल्या कर्जापायी जन्मभर लग्नगडी म्हणून राबलेली माणसे डहाणू-तलासरीकडील वृद्धांनी डोळ्यांनी पाहिली आहेत. १९४५ साली शामराव व गोदावरी परुळेकर यांच्याबरोबर वारली बांधव उभे राहिले ते वेठबिगारीविरुद्ध. पण त्या वेठीस कायद्याचा आधार पुरविणारा कागद म्हणजे ती वही होती. आदिवासींच्या गेलेल्या जमिनी परत देण्याचा कायदा १९७४ साली झाला, तेव्हाही कित्येकांजवळ आपली जमीन आपली होती हे दाखविणारा चिटोराही नव्हता.

अशा वेळी वाटते की, प्रत्येकाच्या घरी प्रत असणारी वही तेव्हा असती तर! परंतु येथे थोडे थांबावे. समजा, सावकाराने दोन मणांचे चार मण लिहिले आणि अक्षरशत्रू माणसाने त्यावर अंगठा केला. ती नोंद साखळीत गेली असती तर काय झाले असते? खोटे चार मण कायमचे झाले असते. कोर्टात जाऊन ‘वही मागाहून बदलली’ असे म्हणण्याचीही सोय उरली नसती. साखळी पुढची लबाडी अडविते. पहिल्या नोंदीतील लबाडी तिला दिसत नाही. चीनमधील चिंगदाओ बंदरात २०१४ साली उघडकीस आले की, गोदामातील तोच धातू निरनिराळ्या पावत्यांवर अनेक बँकांकडे गहाण पडला होता. सामायिक वही असती तर दुसरी पावती निघण्यापूर्वीच हे कळले असते, यात शंका नाही. पण गोदामात धातूच नसता आणि पावती पहिलीच असती तर? तेथे आत जाऊन डोळ्यांनी पाहणारा व निर्भयपणे लिहिणारा माणूसच लागतो.

आणि नोंदच झाली नाही तर वहीचे सामर्थ्य कोणत्या कामाचे? आमच्या कांद्याच्या गोष्टीतील शेतकऱ्याची कापणी अशीच नोंदीबाहेर राहिली. त्याहून मोठे उदाहरण घाटापलीकडे आहे. नाशिकची द्राक्षे युरोपात जातात, त्यांच्यासाठी अपेडा या केंद्रीय संस्थेने २००६ च्या सुमारास ‘ग्रेपनेट’ नावाची नोंदपद्धती सुरू केली. ही ब्लॉकचेन नव्हे, पण हेतू तोच. प्रत्येक बागेस क्रमांक, प्रत्येक पेटीस क्रमांक. हॉलंडच्या दुकानातील पेटीवरून बाग शोधता येते, कोणते औषध मारले ते समजते. २०१० साली औषधाच्या अंशावरून युरोपात आपली द्राक्षे अडली, तेव्हा या नोंदींचे महत्त्व बागायतदारांस चांगलेच पटले. उत्तम गोष्ट आहे. परंतु तोरंगणचा घाट चढून मोखाड्याची जी कुटुंबे दर हंगामात त्या बागांवर जातात, छाटणी करतात, घड विरळतात, त्यांचे नाव पेटीच्या त्या प्रवासात कोठेच नाही. पेटी बोलते तेव्हा बागेचे सांगते, औषधाचे सांगते. हातांचे सांगत नाही. दिवाळीनंतर भिवंडी, कल्याण, वसईच्या वीटभट्ट्यांवर जाणाऱ्यांचेही तेच. उचल किती घेतली, हजेरी किती भरली, पावसाच्या तोंडावर हिशोब किती निघाला, हे सारे मालकाच्या डायरीत. प्रत एक, आणि ती मालकाकडे. आजोबांच्या वहीपासून आपण किती पुढे आलो, याचा प्रत्येकाने आपल्या घरी विचार करावा.

नव्या पद्धतीचा आपल्यासारख्यांना उपयोग होतच नाही असे मात्र नाही. २०२२ साली गडचिरोली जिल्ह्यातील एटापल्ली येथे सुमारे ६५,००० जातीच्या दाखल्यांच्या खुणा ब्लॉकचेनवर चढविण्याचे काम शासनाने एका खासगी संस्थेच्या मदतीने हाती घेतले. दाखला खोटा की खरा हे कोणत्याही कचेरीस क्षणात पडताळता यावे, हा उद्देश. जातपडताळणीसाठी ज्या आईबापांनी ठाण्याच्या कचेरीच्या पायऱ्या झिजविल्या आहेत, त्यांना याचे मोल आम्ही सांगावयास नको. अर्थात तेथेही पहिला दाखला देणारा माणूस खरा असला पाहिजे, ही अट आहेच.

आपल्या मालाचेही पाहू. घोलवडच्या चिकूस भौगोलिक चिन्हांकन मिळाले व २०२१ साली तो ब्रिटनला रवाना झाला. वारली चित्रकलेसही असेच चिन्हांकन आहे. तरीसुद्धा शहरांत यंत्रावर छापलेली ‘वारली’ चादर खुशाल विकली जाते. जव्हारचा मोगरा पहाटे मुंबईच्या बाजारात पोहोचतो, नागली आता शहरवासीयांस पथ्याची म्हणून आवडू लागली आहे. उद्या वाढवणमधून ही नागली परदेशी गेली, आणि पिशवीवरील खुणेवरून तेथील गिऱ्हाइकास मोखाड्याचा पाडा दिसला, तर ते आम्हांस हवेच आहे. परंतु ती नोंद पाड्यावर बसून आपल्याच मुलीने केलेली असावी. नाशिकच्या किंवा मुंबईच्या दलालाने आपल्या नावे ती केली तर चिन्ह आपले आणि पैसा त्याचा, हा जुनाच प्रकार नव्या यंत्रावर होईल.

वाढवणमुळे प्रत्यक्ष व अप्रत्यक्ष मिळून सुमारे १२ लाख रोजगार होतील, असे शासनाचे निवेदन आहे. आमच्या कित्येक तरुणांच्या मनात त्यामुळे हमालीची, क्रेनवरची चित्रे आहेत. नव्या बंदरांत हमाली फारशी नसते आणि क्रेनही पुष्कळ ठिकाणी दुरून चालवितात. माणसे लागतात ती नोंदीसाठी: डब्यात काय आहे ते पाहणारी, शीतडब्याचे तापमान टिपणारी, सील तपासणारी, जकातीचे कागद भरणारी. मघाशी कार्डांचा उल्लेख केला. कस्टम एजंटाकडे काम करण्यास बारावी उत्तीर्ण असावे लागते. तेथे ‘एच’ कार्ड मिळते. पुढे खात्याची परीक्षा दिली की ‘जी’ कार्ड मिळते व कागदावर सही करण्याचा अधिकार येतो. आमच्या आजोबांचा जेथे अंगठा असे, तेथे आमची सही होऊ लागली, ती या मार्गाने. मे २०२५ मध्ये केरळजवळ ‘एमएससी एल्सा ३’ हे जहाज ६४० डब्यांसह बुडाले, तेव्हा किनाऱ्यावरील लोक पहिला प्रश्न विचारीत होते तो हाच, की कोणत्या डब्यात काय होते? डब्याची नोंद करणारा कारकून किती मोलाचा असतो, हे अशा वेळी कळते.

सभेत एका तरुण बंधूंनी विचारले की, मग मंडळाने स्वतःचे ब्लॉकचेन काढावे काय? आमचे उत्तर, मुळीच काढू नये. त्यासाठी लागणारा पैसा मंडळाजवळ नाही आणि गरजही नाही. साखळीचे मर्म घ्यावे, यंत्र राहू द्यावे. कार्यकारी मंडळापुढे आम्ही ठेवलेली योजना अशी आहे. कामावर बाहेर जाणाऱ्या प्रत्येक टोळीची एक वही करावी. उचल, हजेरी, मिळालेली रक्कम दर शनिवारी लिहावी, पानाची बेरीज पुढील पानावर आणावी, आणि त्या पानाचे छायाचित्र त्याच रात्री तीन मोबाइलांवर जावे: एक टोळीतील, एक गावातील घरी राहिलेल्याचा, एक मंडळाच्या चिटणीसाचा. कोणी पान फाडले तर तीन ठिकाणी ते उरेल. लिहिणारा टोळीतीलच असावा. प्रत्येक टोळीत आज निदान एक तरी आश्रमशाळा शिकलेली मुलगी किंवा मुलगा असतो. शक्य तेथे शनिवारच्या नोंदीवर मालकाचीही सही घ्यावी. तो देणार नाही, असे पुष्कळांनी सांगितले. काही देणार नाहीत, हे आम्हांसही ठाऊक आहे. परंतु कोणी सही नाकारली, कोणत्या तारखेस नाकारली, हेही वहीत लिहिता येते.

दुसरी गोष्ट रस्त्याची. मोजणीदार येण्यापूर्वी प्रत्येक कुटुंबाने आपला सातबारा, वारसांची नोंद आणि २००६ च्या वनहक्क कायद्याखाली मिळालेला पट्टा काढून पाहावा. वडील वारून पंधरा वर्षे झाली आणि सातबाऱ्यावर अजून त्यांचेच नाव, किंवा पट्ट्यावर दोन एकर आणि कसतो चार, अशी उदाहरणे आमच्या नात्यातच तीन आहेत. मोबदल्याची यादी एकदा संगणकात गेली म्हणजे ती पहिल्या नोंदीबरहुकूम चालेल. जमीन द्यावी की न द्यावी, हा ज्याच्या त्याच्या ग्रामसभेचा प्रश्न आहे. नाव बरोबर असले तर नाही म्हणतानाही ते उपयोगी पडते. मुरबाड-शहापूरकडील ज्या नातेवाइकांनी समृद्धी महामार्गाच्या वेळी हे भोगले, त्यांच्यापैकी दोघांनी येऊन मार्गदर्शन करण्याचे कबूल केले आहे.

या कामासाठी पुढील महिन्याच्या पहिल्या व तिसऱ्या रविवारी मंडळाच्या जव्हार येथील जागेत, आणि दुसऱ्या रविवारी मोखाड्यास शाळेच्या वर्गात, सकाळी दहापासून आम्ही व दोन निवृत्त तलाठी बंधू बसणार आहोत. येताना जुना-नवा जो असेल तो सातबारा, पट्टा आणि मृत्यूचा दाखला आणावा. ज्यांच्याजवळ काहीच कागद नसेल त्यांनी तर आधी यावे. ‘एच’ कार्डाची चौकशी करणाऱ्या मुलामुलींनी बारावीची गुणपत्रिका सोबत ठेवावी. त्यांच्यासाठी वेगळे टेबल मांडले आहे.